समोरच्यांची अर्धी ओळ

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला, दिवसातला सतरावा कॉल ऐकत असताना, त्याच्या कानात त्याचे वडील बोलू लागले.

त्याचं काम ऐकण्याचं होतं. टेलिफोन कंपनीच्या मदतकक्षाला येणारे फोन ध्वनिमुद्रित होत आणि त्यातले निवडक त्याच्याकडे तपासायला येत. ऐकायचं आणि गुण द्यायचे. नमस्कार वेळेत झाला का, आवाजात आपुलकी होती का, मध्ये पाच सेकंदांहून जास्त शांतता गेली का, शेवटी 'आणखी काही मदत करू शकते का' हे विचारलं का. अकरा वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी तो घरी जाऊन बायकोला किस्से सांगायचा, कोण कसं रडलं, कोणाच्या मागे कुत्रं भुंकत होतं. पुढे किस्से आटले. आता माणसं बोलत आणि त्याला फक्त त्यांच्यामधल्या जागा ऐकू येत, पाच सेकंदांच्या आतल्या आणि बाहेरच्या. संध्याकाळी हेडफोन काढले की कानांच्या पाळ्या दुखत आणि कुणी काही बोलूच नये असं वाटे. घरात शिरताना तो चपलासुद्धा आवाज न करता काढायचा. बायको म्हणायची, "चोर आला बघा."

"एक लहानसं काम होतं बाळा," वडील म्हणत होते. मुद्रण आठ दिवसांपूर्वीचं होतं. "माझा आवाज तुम्ही ओळखीसाठी ठेवलाय ना, तो काढून टाकायचाय."

"का काढायचाय सर? काही तक्रार आहे?"

"तक्रार कसली. तुमच्या यंत्रानं मला प्रत्येक वेळी ओळखलं. सर्दीतसुद्धा ओळखलं, सख्खी माणसं चुकतात तिथं. पण पुढच्या महिन्यात माझा आवाज काढणार आहेत. मग ते बिचारं ओळखणार कुणाला? म्हटलं, आधी कळवलेलं बरं."

मदतकक्षातली मुलगी गप्प झाली. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट पळत होती. पाच, सहा, सात.

"काढणार म्हणजे, सर?"

"स्वरयंत्र. गाठ आहे तिथं. डॉक्टर म्हणतात, ठेवण्यासारखं राहिलं नाही."

"सर, मला इथं कारण टाकावं लागतं. सर्दी, वयानुसार बदल, किंवा इतर."

"इतर टाक."

मग तिनं वरिष्ठांना विचारायला फोन थांबवून ठेवला. थांबवलेला फोनही मुद्रित होत राहतो हे बाहेरच्या कुणाला माहीत नसतं. लोक त्या वेळात शिव्या देतात, जांभया देतात, शेजारच्याशी भांडतात. वडील गायले. कंपनीची ती मिळमिळीत धून वाजत होती, तिचाच सूर धरून त्यांनी आपलं काहीतरी गुणगुणायला घेतलं, एका जागी आवाज फाटला, ते खोकले, स्वतःशीच हसले आणि पुन्हा तिथूनच उचललं. मुलगी परत आल्यावर म्हणाली, घरी कुणी आहे का, ज्यांचा आवाज तुमच्याऐवजी ठेवता येईल? "मुलगा आहे," वडील म्हणाले, "सून आहे. त्याला अजून सांगितलं नाहीये मी. तो दमलेला असतो." आणि फोन ठेवण्याआधी, "छान बोलतेस हं. घशाला जप."

ओळखीच्या माणसाचा कॉल आला तर तो दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम होता. त्याच्या लक्षातही आलं नाही. हात सवयीनं फॉर्मवर गेला, शांततेचे दोन गुण कापले, फॉर्म पाठवून मोकळा झाला आणि अठरावा कॉल सुरू झाला. त्यातलं एक अक्षर त्याला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी वडील खिडकीपाशी बसून जुन्या शब्दकोशाची पाठ चिकटवत होते. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात पुस्तकबांधणी केली होती आणि निवृत्तीनंतरही सरसाचा वास त्यांच्या बोटांना सोडत नव्हता.

"बाबा, घशाचे डॉक्टर काय म्हणाले?"

वडिलांनी ब्रश बाजूला ठेवला. "त्या मुलीनं चहाडी केली वाटतं."

"तो कॉल माझ्याकडेच आला."

"असं?" त्यांना गंमत वाटली. आवाज गेले दोन महिने बसलेलाच होता, ऐकणाऱ्याला तो कोरड्या कागदासारखा लागे, आणि घरात सगळ्यांनी त्याला सर्दी म्हणून टाकलं होतं. "मग किती गुण दिलेस पोरीला?"

"अठ्ठ्याण्णव."

"दोन कुठं गेले?"

"मध्येच गप्प राहिली."

"अरे," वडील म्हणाले, "तेवढं तर ती सगळ्यात चांगलं वागली."

ऑपरेशनला पंचवीस दिवस होते. शुक्रवारी, सकाळी. त्यानंतर मानेला एक भोक राहील, श्वास तिथून, आवाज नाही. वडिलांनी हे सगळं त्याला समजावून सांगितलं, पुस्तकाची शिवण उसवली तर काय करायचं ते सांगावं तसं. बायको आतून आली, सगळं ऐकलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे जात होता दवाखान्यात? आणि आम्ही काय भिंतीवरची चित्रं होतो?" मग ती त्यांच्या शेजारी बसली आणि ब्रश हातात घेऊन उगाचच सरस लावत राहिली.

वडील कथा गाऊन सांगत. त्याला दुसरा शब्द नव्हता. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, दोन गल्ल्यांपलीकडच्या प्रार्थनेच्या सभागृहात ते उभे राहत आणि दीडेक तास कधी बोलत, कधी गात, आणि बोलणं कुठे संपून गाणं कुठे लागलं हे कुणाला कळत नसे. लहानपणी तो अगदी पुढे, त्यांच्या पायाशी बसायचा. त्यांच्या बुटांवर सरसाचे वाळलेले थेंब असायचे. समोरच्या लाकडी मेजावर ते उजव्या हाताच्या बोटांनी ठेका धरत आणि लोक हसत, मग डोळे पुसत, मग पुन्हा हसत. त्यांची एक कथा सगळ्यांना पाठ होती, तरी लोक तीच मागत. वाटसरूंच्या एका घराचा द्वारपाल. त्याला सांगितलेलं असतं, देव या वाटेनं येणार आहे, दार उघडं ठेव. द्वारपाल थांबतो. चोर येतो, झिंगलेला येतो, नवऱ्याशी भांडून निघालेली बाई येते, आणि प्रत्येकाला वाटतं आपण आत येऊ नये, उशीर झालाय. द्वारपाल प्रत्येकाला आत घेतो, पाणी देतो, अंथरूण देतो, असं करत करत इतका दमतो की उंबऱ्यावरच झोपतो. नेमका तेव्हा देव येतो. आणि देव काय करतो? तर चपला हातात घेतो, त्याला ओलांडून आत जातो, आतून पांघरूण आणून त्याच्या अंगावर घालतो. सकाळी द्वारपाल रडतो, मी झोपलो, माझी वेळ हुकली. देव म्हणतो, वेड्या, दार उघडं होतं ना? इथे लोक उसासा सोडत. लहानपणी त्याला फक्त चपला हातात घेतलेल्या देवाची मजा वाटे. आता सेहेचाळिसाव्या वर्षी, बसमधून घरी येताना, त्याला त्या उंबऱ्याचा हेवा वाटला.

ही कथा कुठेही मुद्रित नव्हती. तेव्हा कुणाला सुचलं नाही, नंतर सभागृह बंद झालं आणि तिथं व्यायामशाळा आली. आयुष्यभर परक्यांचे आवाज साठवणाऱ्या कंपनीत तो बसला होता आणि वडिलांचा एवढाच एक तुकडा जगात होता, फोन थांबवलेला असतानाचा, तोही काही दिवसांनी आपोआप पुसला जाणार होता. कथा मुद्रित करायची हे त्यानं त्याच आठवड्यात ठरवलं. प्रश्न होता कुठे. घरी मागची खोली बंदिस्त करायची, एक बरासा मायक्रोफोन आणायचा, आणि वडिलांचा घसा ज्या घटकेला मोकळा असेल त्या घटकेला बसवायचं. की सरळ एखादा स्टुडिओ घ्यायचा, तासांवर, जिथं सगळं तयार असतं आणि घड्याळही तयार असतं. घरी वेळ होता पण शांतता नव्हती. तिथं शांतता होती पण वेळ मोजलेला. तो दोन्ही बाजू लिहून काढायचा, ऑफिसच्या फॉर्मसारख्या, आणि बेरीज दर वेळी वेगळी यायची. विचार करण्यात एक सोय असते. माणूस दमतो आणि काही केल्यासारखं वाटतं.

बायकोच म्हणाली, आधी एकदा जाऊन तर या. म्हणून चौथ्या दिवशी ते दोघं स्टुडिओत गेले. दंतवैद्याच्या वरचा मजला. जिन्यात लवंगेचा वास. दार जाड, त्याच्या आत आणखी एक दार. रेकॉर्डिस्ट पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा डोक्यावर, गळ्यात दुसरा चष्मा. स्टेशनांवरच्या घोषणा, औषधांच्या जाहिराती, सगळं त्यांच्याकडे होत असे. "काका, खुर्ची करकरते, हलायचं नाही. चुकलात तर थांबायचं नाही, मागून जोडू. खोकला आला तर खोका, तो मी काढून टाकते." वडील म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या डॉक्टरांना भेटा." बाई हसल्या. वडील काचेपलीकडे गेले. एवढे मोठे हेडफोन त्यांच्या डोक्यावर पाहून त्याला उगाच वाटलं, ते त्याच्या ऑफिसात आलेत आणि आता त्यांना गुण द्यायचेत.

सुरुवात चांगली झाली. आवाज कोरडा होता पण रस्ता ओळखत होता. द्वारपाल आला, त्याच्या किल्ल्या आल्या, चोर आला. चोर दाराशी घुटमळला आणि वडिलांनी सूर चढवला:

"दार उघडे ठेवले कुणासाठी?"

आणि थांबले. हात किंचित वर, तळवा समोर. काचेच्या अलीकडे पडद्यावर रेघ सपाट पळत राहिली. तो मोजत होता. त्याला थांबवता येत नव्हतं. पाच. सात. दहा. बाईंनी बटण दाबलं.

"पुढे, काका?"

"पुढचं ते म्हणतात."

"कोण ते?"

"समोरचे."

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. "समोर मी आहे आणि तुमचा मुलगा आहे."

"मग म्हणा की."

"मी गायले तर दंतवैद्याचे पेशंट पळून जातील. तुम्हीच म्हणा ना पूर्ण ओळ."

वडिलांनी मान हलवली, सूर पुन्हा घेतला, अर्ध्यावर आले, पुढचा शब्द धरायला तोंड उघडलं आणि तसेच राहिले. चढण संपल्यावर आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसा त्यांचा चेहरा झाला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. "शब्द मला येतात बाई," ते शेवटी म्हणाले, "पण माझ्या तोंडचे नाहीत ते. चाळीस वर्षांत एकदाही म्हटलेले नाहीत. मी म्हणायचे नसतात."

खरंच तसं होतं. कथेत ती ओळ आठ-दहा वेळा येई आणि प्रत्येक वेळी वडील अर्ध्यावर सोडून देत, आणि सभागृह तिचं उरलेलं अर्धं उचलून धरी: येईल जो उशिरा, त्याच्यासाठी. मागच्या भिंतीला टेकून उभे राहणारे, खोकणाऱ्या म्हाताऱ्या, झोपाळलेली मुलं, सगळे. पायाशी बसणारा तो सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा, त्याच्या आवाजावर बाकीचे येत. मग तो पंधरा वर्षांचा झाला आणि जरा मागे बसू लागला. मग मित्र सोबत असले की नुसते ओठ हलवायचा. मग दारापाशी उभा राहू लागला, मग बाहेर, मग दमल्याचं कारण सांगून घरीच. भांडण कधी झालं नाही. वडिलांनी कधी विचारलं नाही. भांडण झालं असतं तर त्याला निदान दिवस सांगता आला असता, की या दिवशी मी थांबलो. आणि आत्ताही, काचेच्या अलीकडे, बाईंच्या टेबलावरचं बोलायचं बटण त्याच्या हातापासून वीतभर होतं. दाबून चार शब्द म्हणायचे होते. त्याला वाटलं, घसा बसेल, सूर लागणार नाही, बाई काय म्हणतील. तो पडद्याकडे पाहत राहिला.

जिना उतरताना वडील म्हणाले, "खोली छान आहे. आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं." तेवढंच. त्यानं मात्र त्यावरून निर्णय करून टाकला, आणि तो निर्णय वडिलांच्या भल्यासाठी आहे असं स्वतःला पटवलं: परकी जागा, परकी बाई, म्हणून त्यांना जमलं नाही. घरीच करू.

मग तो कामाला लागला. किती दिवसांनी त्याला असं कामाला लागता आलं. बायको पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची, तिच्याकडून जाड कापडाचे उरलेले तुकडे आले. वडिलांकडचे बांधणीचे पुठ्ठे आले. मागच्या खोलीत भिंतीला गाद्या उभ्या केल्या, छताला रजया ठोकल्या, खिडकीच्या फटी पट्ट्यांनी बुजवल्या, भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी काढली. जुना पण बरा मायक्रोफोन मिळाला. रोज ऑफिसहून आला की तो त्या खोलीत जाई, टाळी वाजवी, दहा मिनिटं नुसती शांतता मुद्रित करी आणि हेडफोन लावून ती ऐकत बसे. शांततेत केवढी गर्दी असते. फ्रीजची घरघर. लिफ्टचा दोर. वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवतं आणि पुन्हा जागेवर आणतं. नळ. एकेक आवाज तो पकडून बाहेर काढी, पुढच्या दिवशी त्याच्यामागे लपलेला दुसरा सापडे. बायको दारातून डोकावून म्हणाली, "आता फक्त माझं हृदय तेवढं बंद करायचं राहिलंय, सांग हं, केव्हा करू ते."

आणि पहिल्याच दिवशी त्यानं वडिलांना सांगितलं होतं, "बाबा, खोली होईपर्यंत आवाज जपा. उगाच बोलू नका, गुणगुणू नका. जेवढा आहे तेवढा कथेला ठेवू." वडिलांनी मान डोलावली. ते आज्ञाधारक होते. आयुष्यभर त्यांना वाटत आलं होतं की मुलाला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. ते पुठ्ठ्याच्या कातरलेल्या पट्ट्यांवर पेन्सिलीनं लिहू लागले. 'चहा चालेल.' 'खिडकी लाव.' 'सूनबाईंना म्हणावं, भाजी छान.' सकाळी अंघोळीला जाताना त्यांचं एक गुणगुणणं असायचं, शब्द नसलेलं, नळाच्या धारेशी लागलेलं. ते बंद झालं. पुस्तक चिकटवताना स्वतःशीच 'हं, बस तिथं' म्हणायचे. ते बंद झालं. खोली पंधराव्या दिवशी तयार झाली.

त्या दिवशी दुपारी, शनिवार होता, त्यानं बायकोला बोलावून दार लावून घेतलं. "बघ. काही ऐकू येतंय?"

ती आत उभी राहिली. गाद्या, रजया, पडद्याच्या दुकानातली फुलांची नक्षी.

"घर असं झालंय आपलं," ती म्हणाली. "पंधरा दिवस. डॉक्टरांनी शुक्रवारची तारीख दिलीये रे. तू आधीच करून टाकलंस." मग आवाज फुटू नये म्हणून तिनं भिंतीवरच्या गादीचा निघालेला दोरा तोडला. "काल त्यांनी मला चिठ्ठी दिली. खोकला आला तर चालेल का, असं विचारलंय त्यात. मला विचारतायत. खोकायचं का."

तो गादीला टेकून खाली बसला. त्याला रडू आलं नाही, तेवढी ताकद नव्हती. फक्त अंगातला सगळा शीण एकदम ओळखीचा झाला, जसा काही तो इतकी वर्षं शेजारी बसून होता आणि आता त्यानं नाव सांगितलं. सहा दिवस राहिले होते. पंधरा दिवसांचा आवाज, रोजचा, फुकटचा, चहा मागणारा, त्यानं आपल्या हातानं रजयांत कोंबला होता, कशासाठी तर एका स्वच्छ मुद्रणासाठी, ज्यात कथेला आठ ठिकाणी भोकं पडणारच होती.

वडील दारात आले. हातात पट्टी आणि पेन्सिल होती. त्यांनी खोलीवर नजर फिरवली, पुठ्ठे कुठे लावलेत ते हात लावून पाहिलं, कारागिरासारखी मान हलवली आणि लिहायला लागले.

"बाबा, लिहू नका," तो म्हणाला. "बोला. माझं चुकलं."

वडिलांनी घसा खाकरला. आवाज यायला वेळ लागला. मग आला, आधीपेक्षा बारीक, गंजलेल्या कडीसारखा. "खोली मस्त केलीस रे. बांधणी पक्की आहे." ते गादीवर त्याच्या शेजारी टेकले. "पण आपण त्या बाईंकडेच जाऊ."

"तिथं तुम्हाला जमलं नाही. इथं निवांत..."

"तिथं त्या ऐकत होत्या. चोर आला तेव्हा चष्मा काढला त्यांनी, पाहिलं मी. तू पडदा बघत होतास." ते दम घ्यायला थांबले. रागानं बोलत नव्हते, शिवण कुठं उसवलीये ते दाखवत होते. "इथं यंत्र तुझ्याकडे राहणार. यंत्र हाताशी आलं की तू ऐकत नाहीस, तपासतोस. तिथं यंत्र बाई बघतील. तुझे हात मोकळे."

बायको म्हणाली, "घ्या. आणि आम्ही पंधरा दिवस गाद्या शिवतोय."

"गाद्या राहू देत," वडील म्हणाले. "ऑपरेशननंतर मला इथंच झोपव. वरचे लोक कपाट फार सरकवतात."

तिघंही हसले, आणि हसताना वडिलांना खोकला आला, आणि ते मनसोक्त खोकले.

बुधवारी दुपारी स्टुडिओ मिळाला. त्यानं ऑफिसात रजा टाकली; कारणाच्या रकान्यात 'इतर' लिहिलं. मधले चार दिवस घरात वडील सारखे बोलत होते, कशावरही, शब्दकोशाच्या कागदावर, सुनेच्या शिवणीवर, त्यांच्या लहानपणीच्या एका लंगड्या बकरीवर, आणि तो जमेल तेवढा वेळ नुसता समोर बसत होता. काही मुद्रित केलं नाही. पहिल्या दिवशी त्याला ते जड गेलं, हात सारखा काहीतरी सुरू करायला जात होता. बुधवारपर्यंत वडिलांचा आवाज निम्म्यावर आला होता. दीड तासाची कथा आता त्यात मावणार नव्हती, हे तिघांनाही दिसत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं.

बाईंनी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. तो समोर बसून अर्धी ओळ म्हणणार, एवढं ठरलं होतं. त्यानं ती दोन दिवस बसस्टॉपवर, जिन्यात, तोंडातल्या तोंडात घोळवली होती. बायको बाईंच्या शेजारी, काचेमागे. वडील बसले, हेडफोन त्यांनी बाजूला ठेवले, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "आज तू सांग."

"काय?"

"कथा. द्वारपालाची. तू सांग, अर्धी सोड. मी समोरच्यांचं म्हणतो."

"बाबा, मला येत नाही."

"पायाशी बसून तोंडपाठ केलीस. कुठं जाईल?" ते पुढे वाकले. आवाज इतका लहान झाला होता की त्यालाही वाकावं लागलं. "मला दीड तास झेपणार नाही, तुलाही दिसतंय. जेवढं उरलंय तेवढ्यात मला ती ओळ म्हणायचीये. लोक म्हणायचे तेव्हा त्यांचे चेहरे बघायचो मी. चाळीस वर्षं बघितले. वाटायचं, आपणही तिकडं जाऊन बसावं एकदा. पण मग इकडं कोण उभं राहणार?"

बाईंचा आवाज आला. "एक सांगते हं. माझ्याकडे आज एकच चांगला माइक उभा आहे. दोघांचा आवाज एकात एक जाईल. नंतर तुम्ही म्हणालात, फक्त काकांचा वेगळा काढून द्या, तर निघायचा नाही."

वडिलांनी काचेकडे पाहून हात हलवला, असू दे असू दे.

त्याला वाटलं, सांगावं की असं नको, तुमचा आवाज हवाय, माझा काय करायचाय, माझा उद्याही आहे. पण हे वाक्य मनात पूर्ण झालं तेव्हाच त्याला ऐकू आलं, की माझा उद्याही आहे. त्यानं घसा साफ केला. सुरुवात चुकली. देवाचा निरोप त्यानं किल्ल्यांच्या आधी सांगायचा तो नंतर सांगितला, मध्ये एक आख्खं वाक्य विसरला, स्वर खाली लागला, इतका खाली की पुढं चढायला जागाच राहणार नाही असं वाटलं आणि उलटच झालं, चढायला जागाच जागा होती. त्याला गाता येत नव्हतं. तो अर्धं बोलत होता, अर्धं गात होता आणि कुठलं कुठं संपतंय हे त्याला कळत नव्हतं. वडील ऐकत होते. गुडघ्यावर हात, मान तिरकी, डोळे त्याच्या तोंडावर, कथा पहिल्यांदाच ऐकतोय आणि चोराचं पुढं काय होणार याची काळजी लागलीये अशा चेहऱ्यानं. त्याच्या बोटांनी खुर्चीच्या लाकडावर ठेका धरला होता. केव्हा धरला ते त्याला माहीत नव्हतं. चोर दाराशी आला. घुटमळला. फार उशीर झाला होता. त्यानं सूर वर नेला:

"दार उघडे ठेवले कुणासाठी?"

आणि सोडून दिलं.

वडिलांनी ओळ उचलली, जरा घाईनंच, दुसरं कुणीतरी आधी म्हणून टाकेल अशा धास्तीनं, लहान मुलं म्हणतात तशी. आवाज फाटला, सूर दोन ठिकाणी निसटला, शेवटचा शब्द तर निव्वळ हवाच होती. म्हणून झाल्यावर त्यांनी डावीउजवीकडे पाहिलं, शेजारच्यांनी ऐकलं का, असं. चेहरा फुलून आला होता. काचेमागे बायकोचे ओठ हलत होते आणि बाईंनी दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले होते.

"थांबलास का?" वडील म्हणाले. "चोर दारात उभा आहे. त्याला आत घे."

त्यानं चोराला आत घेतलं आणि पाणी दिलं.